म्हाताऱ्या माशाचा ओढा

सेंट लुईस, मिसूरी
२१ सप्टेंबर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातला एक प्रश्न आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. तू विचारलंस, "फोटोत तुझ्या हातात दीड वीत मासा, तोही तू परत सोडतोस. मग दर शनिवारी पहाटे चारला उठून जातोस तरी कशासाठी? एवढं काय आहे त्या ओढ्यांत?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं, पण तू आणि मी एकाच तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याच्या, रिळावर गरवायला शिकलो. तुला नीट सांगायला हवं.

आधी मासा. स्मॉलमाउथ बास. काशाच्या जुन्या भांड्यासारखा रंग, अंगावर उभे गडद पट्टे, डोळा लालसर. इथले जुने लोक त्याला 'ब्राउनी' म्हणतात. ओढ्यात किलोभराचा मिळाला तर मोठा मिळाला म्हणायचं. पण त्याची ओढ काय सांगू! गळाला लागल्यावर आधी खाली दगडांत घुसायला बघतो, मग पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो, आणि हातात आला असं वाटतं तेव्हा पुन्हा डोहाकडे सुटतो.

त्याच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. १८०२ साली लासेपेद नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्याकडे आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडका होता, म्हणून 'छोट्या पराचा' असं नाव पडलं, ते आजही आहे. नावाचा दुसरा भाग, दोलोमिए, हा त्याच्या मित्राचा, खडकांचा अभ्यास करणाऱ्या दोलोमिएचा. डोलोमाइट खडकालाही त्याचंच नाव आहे. आणि मी जिथं मासे धरतो तो ओझार्कचा डोंगराळ मुलूख, मिसूरीचा दक्षिण भाग आणि आर्कान्सासचा उत्तर भाग, बराचसा त्याच डोलोमाइटचा आणि चुनखडीचा आहे. लासेपेदला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मी कोटवे नावाच्या माझ्या ओढ्याच्या पाण्यात उभा असलो की पायाखालच्या कातळाचं आणि हातातल्या माशाचं नाव एकच असतं.

हा खडक आतून पोखरलेला आहे. पाऊस पडला की पाणी भेगांतून, विवरांतून खाली जातं आणि कुठंतरी मैलोन् मैल दूर झरा होऊन वर येतं. करंट नदीकाठचा बिग स्प्रिंग मी पाहिला तेव्हा बोलायचं विसरलो. कड्याच्या पायथ्यातून एक सबंध नदी उसळून बाहेर पडते, दिवसाला सरासरी पंचवीस कोटी गॅलनांहून जास्त पाणी, निळंशार. अशा झऱ्यांचं पाणी बारा महिने चौदा अंश सेल्सियसच्या आसपास असतं. झऱ्याच्या तोंडाशी ते स्मॉलमाउथला फार गार पडतं, तिथं ट्राउट मासा राहतो. काही मैल खाली पाणी उन्हानं कोमट होतं आणि ब्राउनीचं राज्य सुरू होतं. ऑगस्टमध्ये दोन-दोन आठवडे पाऊस नसतो, पारा पस्तिशीच्या वर असतो, तरीही ओढा वाहत असतो, कारण तो आकाशापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून आहे. आपल्याकडची नदी मार्चमध्ये डबक्यांची माळ होते, ते आठव, म्हणजे मला ऑगस्टमध्ये ते वाहतं पाणी बघून काय वाटतं ते कळेल.

कोटवे म्हणजे कुठला ओढा? कागदावर त्याचं स्पेलिंग अस्सल फ्रेंच आहे, पण दोनशे वर्षांत इथल्या तोंडांनी त्याचं पार कोटवे, कोडवे असं काहीतरी करून टाकलंय. घरापासून दीड तास. तो आणि त्याचा शेजारी हझा, दोघे मिळून मेरामॅक नदीला जातात. काही ठिकाणी रुंदी आपल्या शाळेच्या व्हरांड्याएवढी. पहिल्या वर्षी मी तिथं अख्खा दिवस गळ फेकत होतो आणि मला बोटभर मासे मिळत होते. कॅनो भाड्यानं देणाऱ्या एका आजोबांनी माझा आमिषांचा डबा उघडून बघितला, मिटला आणि म्हणाले, आधी दगड उलटून बघ. उलटला. खाली क्रॉडॅड. झिंग्यासारखं अंग, पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या. दुसरा उलटला, त्याखाली दोन. मिसूरीत त्याच्या तीसहून जास्त जाती आहेत. खडकातून विरघळून आलेला चुना पाण्यात असतो, त्याचं यांना कवच मिळतं, आणि यांना खाऊन ब्राउनी वाढतो. तेव्हापासून मी तपकिरी रंगाचं मऊ रबरी आमिष तळाला टेकवून, थांबत थांबत ओढतो. पाणी इतकं नितळ असतं की वरच्या अंगाला, प्रवाहाविरुद्ध चालावं लागतं. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, मागून येणारा माणूस त्यांना उशिरा दिसतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या महिन्यात, सकाळी साडेसहाला, एका पडलेल्या सायकमोरच्या मुळाशी मला सतरा इंची मासा लागला. पाणी माझ्या मांडीपर्यंतसुद्धा नव्हतं. ओल्या हातानं धरला, मोजला. वरच्या ओठाला जुन्या गळाची बुजलेली खूण होती. या ओढ्यांत मासा फार सावकाश वाढतो. बारा इंच व्हायलाच चार-पाच वर्षं लागतात. हा दहा वर्षांच्या घरातला असणार. मित्रा, मी त्या माशाकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या मनात हिशोब सुरू झाला. दहा वर्षांत एकदाही हा ओढा आटला नाही. एकदाही कुणी त्यात विष सोडलं नाही. दर वर्षी क्रॉडॅड पुरले. हिवाळ्यात दडायला खोल डोह राहिला. आणि माझ्याआधी निदान एका माणसानं याला धरून सोडून दिलं. मोठ्या नदीत मोठा मासा मिळाला तर त्यावरून काही कळत नाही. वीस-पंचवीस फूट रुंदीच्या ओढ्यात म्हातारा मासा मिळाला, तर तो मुलूख गळाच्या माणसासाठी थोर आहे हे मी डोळे झाकून सांगीन. माझं माप तेवढं एकच आहे.

हे माप मला एका चुकीतून मिळालं, तीही सांगतो. इथल्या दुसऱ्या वसंतात, एप्रिलअखेर, काठालगत ढोपरभर पाण्यात एक मासा एका जागी घुटमळताना दिसला. गळ टाकला की लगेच झेप. खूश होऊन उचलला, फोटो काढला. मग खाली पाहिलं तर वाळू-गोट्यांत परातीएवढी स्वच्छ केलेली जागा, आणि तिच्यावर चार-पाच छोटे सनफिश तुटून पडलेले. ते घरटं होतं. स्मॉलमाउथमध्ये नर शेपटीनं जागा झाडतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत नरच पहारा देतो. मी पहारेकरी उचलला होता. सोडल्याबरोबर तो तसाच परत गेला, पण त्या मिनिट-दीड मिनिटात काय गेलं असेल ते मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की मी काठाच्या उथळात गळ टाकत नाही. मेअखेरीस परत गेलो तर तिथं इवल्या काळ्याकुट्ट पिल्लांचा एक थवा होता. त्याच घरट्यातला होता असं मी धरून चाललोय.

नियमही त्याच हिशोबाचे आहेत. ओझार्कच्या बहुतेक ओढ्यांत मार्चपासून मेच्या चौथ्या शनिवारपर्यंत बास घरी नेता येत नाही. एरवी बारा इंचांखालचा ठेवायचा नाही, आणि काही निवडक पट्ट्यांत तर दिवसाला एकच, तोही पंधरा इंचांवरचा. मी एकही नेत नाही, पण नेणाऱ्याला वाईट म्हणत नाही. आपण दोघं मासे खाऊनच वाढलो.

यापेक्षा मला मोठी वाटते ती १९५४ सालची गोष्ट. मेरामॅकवरच्याच एका खटल्यात मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की छोटी होडी जाईल अशा प्रवाहात तळाची जमीन खाजगी असली तरी लोकांना पाण्यातून चालता येईल, होडी नेता येईल, गळ टाकता येईल. म्हणून तर माझ्यासारखा परमुलखातून आलेला, एक गुंठाही नावावर नसलेला माणूस शेतांच्या मधून मैलभर ओढ्यातून चालतो आणि कुणी हटकत नाही. १९७६ साली इथल्या लोकांनी मतदान करून वस्तूंच्या विक्रीवर एक अष्टमांश टक्का कर स्वतःवर लावून घेतला, निसर्गरक्षणासाठी. शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबारा सेंट. ओढ्याकाठचे किती उतार, किती गाडीतळ त्या पैशांतून झालेत.

सगळं असं वाचलेलं नाही. व्हाइट नदी ओझार्कमधली सगळ्यांत नावाजलेली स्मॉलमाउथची नदी होती. लांब, सपाट तळाच्या लाकडी जॉनबोटींतून लोक तिच्या जेम्स या उपनदीवरच्या गलिनापासून ब्रॅन्सनपर्यंत दिवसचे दिवस वाहत जायचे, रात्री रेतीवर मुक्काम करायचे. मग धरणं आली. १९५१ साली बुल शोल्स, १९५८ साली टेबल रॉक. वरची नदी तलावाखाली गेली, आणि खाली तळातून सोडलेलं पाणी इतकं गार की स्मॉलमाउथला तिथं राहणं शक्य नव्हतं. आता तिथं ट्राउट सोडतात, जगभरातून लोक येतात. मी एकदा गेलो, छान होतं, पुन्हा जावंसं वाटलं नाही. मेरामॅकवरही असंच धरण व्हायचं होतं, काम सुरूही झालं होतं. १९७८ साली लोकांचा कौल घेतला, मोठ्या बहुमतानं नको म्हणाले, आणि १९८१ साली ते कायमचं रद्द झालं. झालं असतं तर कोटवेचा तो डोह आज मला कुठं दिसला असता?

जखमाही आहेत. शंभर वर्षांपूर्वी डोंगर बोडके केले, त्यांची खडी अजून ओढ्यांत उतरतेय आणि डोह बुजवतेय. बिग रिव्हरच्या गाळात जुन्या खाणींचं शिसं आहे. मेरामॅकमध्ये बाहेरून आलेला स्पॉटेड बास स्मॉलमाउथच्या जागा घेतोय, त्याच्याशी संकरही करतोय; म्हणून तिथं त्याला लांबीची अटच ठेवलेली नाही, हवा तेवढा छोटा न्या. तो मात्र मी आणतो. तिरफळ घालून केला तर बरा लागतो.

पुढच्या वर्षी यायचं म्हणतोस तर जून संपता संपता ये. चार जुलैच्या फटाक्यांच्या सुट्टीचा शनिवार-रविवार टाळू, तेव्हा ओढ्यात होड्यांची जत्रा असते. जुने कॅनव्हासचे बूट आण, गोटे निसरडे आहेत. गळाचं सामान आणू नकोस, तुझ्यासाठी सहा फुटी हलकी काठी घेऊन ठेवलीय.

आणि एक काम कर. आपण सहावीत असताना तुझ्या आजोबांनी आपल्याला महाडजवळ वाळणकोंडीला नेलं होतं, काळ नदीवर. देवीचे मासे, कुणी धरत नाही. मी गळ काढला म्हणून त्यांनी माझा कान धरला होता. पाणी ढवळून जे खडस (महसीर मासे) वर आले ते माझ्या मांडीएवढे होते, असं माझ्या आठवणीत आहे. दिवाळीत गावी गेलास तर तिथं जा, मूठभर कुरमुरे टाक, आणि सगळ्यांत मोठा केवढा येतो ते बघून मला कळव. नुसतं 'मोठे आहेत' असं लिहू नकोस. हातानं माप दाखवून फोटो काढ.

तुझाच,
जुना गळकरी दोस्त