मृत्यूचे स्वागत करणारी सावित्री : एका इंग्रजी संगीतिकेच्या ध्वनिमुद्रणाविषयी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

ज्येष्ठ महिना लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सावित्रीची आठवण निघते आणि वटपौर्णिमा उलटली की ती वर्षभरासाठी मिटवून ठेवली जाते. एका पानावर पूजेचा मुहूर्त, वाणाचे साहित्य आणि वडाला सूत गुंडाळण्याचा विधी छापलेला असतो, तर दुसऱ्या पानावर या व्रताला आजच्या स्त्रीने का म्हणून मान द्यावा असा प्रश्न विचारलेला असतो. दोन्ही बाजूंचे लेखन मी अनेक वर्षे आस्थेने वाचत आले आहे. मात्र सावित्री यमाशी नेमके काय बोलली, आणि तिच्या बोलण्याने यमासारखा यम का द्रवला, याकडे या लेखनात क्वचितच कोणी वळते. मला स्वतःला, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवूनही, हा प्रश्न ज्या कलाकृतीमुळे नव्याने पडला, ती एक इंग्रजी संगीतिका आहे. तिच्या १९६५ साली झालेल्या ध्वनिमुद्रणाकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र.

‘सावित्री’ याच नावाची ही संगीतिका गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९०८च्या सुमारास रचली. संगीत त्यांचे आणि शब्दही त्यांचेच. ग्रहांवरील वाद्यवृंदरचनेमुळे त्यांचे नाव जगभर झाले, पण ती नंतरची गोष्ट. त्याआधी कित्येक वर्षे हा मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारा गृहस्थ लंडनमध्ये मेबेल बोड या विदुषींकडे संस्कृतचे धडे घेत होता आणि शब्दकोश हाताशी धरून ऋग्वेदातील सूक्तांचे इंग्रजी रूपांतर करीत होता. संस्कृतवर त्यांचे प्रभुत्व कधीच आले नाही. तरीही दुसऱ्याच्या अनुवादावर विसंबण्याऐवजी मूळ शब्दापर्यंत आपण जावे, या हट्टापायी ते देवनागरी अक्षरे गिरवत बसले, याचे मोल माझ्यासारख्या शिक्षिकेला विशेष वाटते. ‘सावित्री’च्या आधी त्यांनी ‘सीता’ नावाची तीन अंकी भव्य संगीतिका लिहिली होती. ती जर्मन संगीतकार वाग्नरच्या वळणाची होती आणि पुढे तिची संभावना त्यांनी स्वतःच वाग्नरी आरडाओरडा अशी केली. त्या अनुभवानंतर त्यांनी सारा डामडौल टाकून दिला. ‘सावित्री’त पात्रे तीनच आहेत : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. पडद्याआड स्त्रियांचा एक वृंद आहे, आणि त्याला गायला शब्द दिलेले नाहीत, केवळ स्वर आहेत. वादक अवघे बारा : तंतुवाद्यांची दोन चतुष्के, एक डबल बास, दोन बासऱ्या आणि एक कोर आंग्ले, म्हणजे ओबोच्या जातीचे खालच्या स्वराचे फुंकवाद्य. सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतो. तो मोकळ्या आकाशाखाली किंवा लहानशा सभागृहात व्हावा, बाहेर झाल्यास मध्यभागी झाडीतून जाणारी लांब वाट असावी आणि पडद्याची गरज नाही, अशा सूचना होल्स्ट यांनी लिहून ठेवल्या आहेत. पहिला प्रयोग ५ डिसेंबर १९१६ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, लंडनमध्ये हौशी कलावंतांनी केला.

मी ज्या ध्वनिमुद्रणाविषयी लिहीत आहे ते आर्गो कंपनीने काढले. त्यात सावित्री जॅनेट बेकर यांनी, सत्यवान रॉबर्ट टिअर यांनी आणि मृत्यू थॉमस हेम्स्ली यांनी गायिला आहे. साथीला इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा आणि पर्सेल सिंगर्स हा गायकवृंद असून संचालन संगीतकाराची कन्या इमोजेन होल्स्ट यांनी केले आहे. माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी इंग्लंडहून येताना ही सीडी आणली, तेव्हा ‘मावशी, तुमची सावित्री’ असे म्हणून त्याने ती माझ्या हातात ठेवली होती. पाश्चात्त्य संगीताचे माझे कान तयार नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते. तरीही पहिल्याच मिनिटाला मी हातातले काम बाजूला ठेवले.

कारण सुरुवातीला वाद्य नाहीच. दुरून, अंधारातून यावा तसा एका पुरुषाचा आवाज सावित्रीला नावाने हाक मारतो आणि आपण मृत्यू आहोत, कोणालाही मोडता न येणारा नियम आहोत, सर्वांना चालावी लागणारी वाट आहोत, असे सांगू लागतो. थोड्या वेळाने सावित्रीचा आवाज त्यात मिसळतो, पण तो त्याच्याशी जुळत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर दोघांचे षड्ज वेगळे आहेत. खाली तंबोऱ्यासारखा कसलाही आधार नसताना दोन माणसे दोन निरनिराळ्या षड्जांवर एकाच वेळी गात राहतात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर जो काटा येतो तो त्या अंतरामुळे येतो. नवऱ्याच्या मरणाची चाहूल लागलेल्या बाईच्या मनाची फाटाफूट दाखवण्यासाठी याहून सरळ आणि याहून निष्ठुर युक्ती मला तरी ठाऊक नाही. मग सत्यवान कामावरून घरी येतो, आणि त्याच्या साध्या लोकगीतासारख्या चालीबरोबर जमिनीवर पाय टेकल्यासारखे वाटते. रॉबर्ट टिअर तेव्हा अगदी तरुण होते आणि ते तारुण्य त्या आवाजात स्वच्छ ऐकू येते. ते गाणे जितके निर्धास्त, तितके पुढचे ऐकणे कठीण.

आता मूळ कथेशी ताडून पाहण्याचा भाग, आणि माझ्या मते खरा विचार इथेच आहे. महाभारताच्या आरण्यकपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सावित्रीची कथा सांगतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे पर्व विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९४२ साली संपादित केले आहे आणि ते कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात पाहावयास मिळते. तिथली सावित्री यमाच्या मागोमाग चालत राहते. सात पावले बरोबर चाललेल्यांत मैत्री होते असे जाणते लोक म्हणतात, तेव्हा त्या मैत्रीला स्मरून मी काही बोलते ते ऐक, अशी ती सुरुवात करते. यम एकेका बोलण्यावर प्रसन्न होऊन एकेक वर देतो आणि प्रत्येक वेळी ‘विनास्य जीवितम्’, म्हणजे ‘याचे जीवित सोडून’, अशी अट घालतो. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचे राज्य, वडिलांना शंभर पुत्र, मग स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र, असे चार वर मिळतात. पाचव्या वेळी यमाच्या तोंडून ती अट निघतच नाही. सावित्रीच्या ते तत्काळ ध्यानात येते आणि मग ती सत्यवानाचे प्राण मागते. ही अट गळून पडल्याचे वर्गात मुलांना दाखवताना मला नेहमीच आनंद होत असे, कारण तिथे सावित्रीची तपश्चर्या जेवढी दिसते, तेवढीच तिची भाषेवरची जाणही दिसते.

होल्स्ट यांनी हा सगळा संवाद बाजूला ठेवला आहे. नारदाचे भाकीत नाही, वर्षभराची मुदत नाही, त्रिरात्रव्रत नाही, आंधळे सासरे नाहीत. पहिल्यांदा ऐकताना मला या गाळलेल्या गोष्टींचे फार वाईट वाटले, कारण आपल्या वटपौर्णिमेचा धागा त्या त्रिरात्रव्रताशीच बांधलेला आहे. पण त्यांनी त्या जागी जे ठेवले त्याचा विचार केल्यावर माझी नाराजी उरली नाही. सत्यवान कोसळतो, मृत्यू जवळ येतो, आणि सावित्री त्याला पाहुणा मानून त्याचे स्वागत करते. आजवर सगळे ज्याच्यापासून पळाले, त्याला कोणीतरी आत ये म्हणते आहे. या आतिथ्याने मृत्यू विरघळतो आणि सत्यवानासाठी काही मिळणार नाही, स्वतःसाठी माग, असे म्हणून एक वर देऊ करतो. सावित्री मागते ते ‘जीवन’. मृत्यू म्हणतो, ते तर तुझ्याजवळ आहेच. तेव्हा ती समजावून देते की जीवन म्हणजे नुसता श्वास नव्हे, जीवन भरभरून हवे, आणि सत्यवान नसेल तर माझा कंठ मुका होईल, माझ्या पावलांना वाट उरणार नाही. मूळ सावित्री शंभर पुत्रांच्या वरात सत्यवानाचे जीवित गृहीत धरून यमाला शब्दांत बांधते आणि होल्स्ट यांची सावित्री तेच ‘जीवन’ या एका शब्दात करते. पाच वरांची वाट एका वरात आणली असली तरी तिची पेच टाकण्याची रीत त्यांनी ओळखली होती, असे मी म्हणेन. चार-पाच दशके हा पाठ शिकवूनही, सावित्री मृत्यूशी वैर धरत नाही, त्याच्याशी मैत्री जोडते, ही बाब मी मुलांसमोर कधी पुरेशी ठळक केली नव्हती, आणि ते मला या ध्वनिमुद्रणाने दाखवले.

या भागातले जॅनेट बेकर यांचे गायन हे या ध्वनिमुद्रणाचे सर्वस्व आहे. ही भूमिका वरच्या पट्टीच्या स्त्रीस्वरासाठी लिहिलेली असून बेकर यांचा आवाज त्याहून खालचा, दाट आहे, आणि त्यामुळे त्यांची सावित्री कोवळी न वाटता जाणती वाटते. मृत्यूला आत बोलावताना त्या आवाज चढवत नाहीत. पडद्याआडचा स्त्रीवृंद ऐकू येऊ लागतो तेव्हा त्या जणू त्याचेच ऐकत ऐकत गातात. आणि जीवन मागताना मात्र तो आवाज असा काही मोकळा होतो की इंग्रजी शब्द न कळणाऱ्या माझ्या शेजारणीनेही ‘आता तिने मागितले ना?’ असे विचारले. उच्चारांविषयीही एक गोष्ट नोंदवते. होल्स्ट यांनी नाव लिहिताना पहिल्या अक्षरावर दीर्घत्वाची खूण केली आहे आणि गायकांनी ती पाळली आहे. ‘सा’ दीर्घ ऐकू येतो. आपला दंत्य ‘त’ त्यांच्या जिभेवर आलेला नाही, पण नावाचे वजन बिघडलेले नाही.

एका बाबतीत माझा मतभेद कायम आहे. सत्यवानाच्या तोंडी होल्स्ट यांनी मायेवरचे मोठे गीत घातले आहे : झाडे, डोंगर, आपली शरीरे, सारी मायाच. शेवटाकडे मृत्यूही आपण मायाच असल्याचे कबूल करतो. उपाख्यानात सावित्री बोलते ती धर्माविषयी आणि सज्जनांच्या सहवासाविषयी. मायावाद तिथे नाही. तो होल्स्ट यांनी आपल्या वाचनातून आणला, आणि त्यामुळे लाकडे फोडणारा सत्यवान अधूनमधून प्रवचनकारासारखा बोलतो. मूळ कथेत शुद्धीवर आलेला सत्यवान मला ओढून नेणारा तो सावळा पुरुष कोण होता असे विचारतो, आणि सावित्री म्हणते, रात्र झाली आहे, उद्या सगळे सांगेन. मग ती फळांची टोपली झाडाच्या फांदीला अडकवते, त्याची कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेते आणि त्याला चालवत आश्रमाकडे नेते. या घरगुती प्रसंगाला संगीतिकेत जागा मिळाली असती तर मला मायेच्या गीतापेक्षा अधिक आवडले असते.

संचालिका इमोजेन होल्स्ट यांच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९५०-५१च्या हिवाळ्यात त्या शांतिनिकेतनात राहून भारतीय संगीत शिकल्या होत्या. वडिलांच्या रचनांच्या त्या आंधळ्या भक्त नव्हत्या. त्यांच्या संगीतातले दोष त्यांनी आपल्या लेखनात स्पष्टपणे दाखवले आहेत. म्हणूनच या ध्वनिमुद्रणातला त्यांचा संयम मला अर्थपूर्ण वाटतो. कुठेही भावनेला खतपाणी घातलेले नाही, वाद्ये शब्दांवर चढत नाहीत, आणि जिथे शांतता आहे तिथे ती राहू दिली आहे. रिचर्ड हिकॉक्स यांच्या संचालनाखाली, फेलिसिटी पामर यांनी गायिलेले १९८३चे ध्वनिमुद्रणही चांगले आहे, परंतु पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी जुनेच सुचवीन.

आपल्याला आणि आपल्या वाचकांना माझ्या दोन विनंत्या आहेत. येत्या वटपौर्णिमेच्या पुरवणीत या संगीतिकेच्या संहितेचा मराठी अनुवाद छापावा. होल्स्ट यांचे निधन १९३४ साली झाले असल्याने आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या शब्दांवरचा आणि स्वरलेखनावरचा हक्क कधीच संपला आहे, तेव्हा परवानगीची अडचण येऊ नये. अनुवादाचा एक कच्चा मसुदा मी केला आहे. तो विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे, मात्र एखाद्या जाणकार कवीने आणि गायकाने तो स्वरांवर बसवून पाहावा, कारण मला वृत्त कळते, त्यांच्या ताना आणि ठेहराव कळत नाहीत. दुसरी विनंती संगीतसंस्थांना आहे. तीन गायक, काही स्त्रीस्वर आणि बारा वादक एवढाच हा संसार आहे, आणि रंगमंच म्हणून संगीतकाराने झाडीतली एक वाट मागितली आहे. वडाची झाडे आपल्याकडे आहेत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पूजेची गर्दी ओसरल्यावर, सुताचे वेढे अजून खोडावर असताना एखाद्या वडाखाली हा अर्ध्या तासाचा प्रयोग मराठीतून व्हावा. मृत्यूच्या पहिल्या हाकेला साथीचे वाद्य लागत नाही, त्यामुळे ध्वनिक्षेपक मात्र लावू नये.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, सातारा