रात्री उठताना घाई नको

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वृद्धनिवासातल्या ओल्या फरशीची तुम्हाला धास्ती वाटते, ती रास्तच आहे. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती रात्री लघवीला उठण्याची. तेव्हा अंधार, गुंगी आणि घाई एकदमच येतात.

झोपेतून उठलं की रक्त पायांकडे उतरतं. वयामुळे आणि काही गोळ्यांमुळे शरीराला सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात रक्तदाब पडून अंधारी येते. म्हणून आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, घोटे दहा-बारा वेळा वरखाली हलवायचे. मग आधार धरून उभं राहायचं आणि गरगरत नसेल तरच पाऊल टाकायचं.

सिस्टरना सांगून एकदा रक्तदाब असा मोजून घ्या: ५ मिनिटं आडवं पडल्यावर, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवायचं. सोबत सगळ्या गोळ्या न्या: झोपेच्या, रक्तदाबाच्या, सर्दीच्या, आणि बाबा, तुमची प्रोस्टेटचीही. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळची असेल तर सकाळी चालेल का, तेही विचारा. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका.

पलंगावर बसल्यावर तळवे पूर्ण टेकायला हवेत. कठड्यांचा आग्रह नको. अर्धवट झोपेत माणूस ते ओलांडायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो.

आई, तुझ्या त्या सपाता आता पुरे. टाच धरून ठेवणारी, पातळ आणि टणक तळाची पादत्राणं घे. बाबा, हात सैल सोडून उभं राहिलात की काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. डावा गुडघा दुखतो, तर काठी उजव्या हातात. (बहुतेक जण नेमकं उलटं धरतात.) टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदला. न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीला धरू नका, ती माणसाचा भार पेलत नाही.

पडण्याच्या भीतीने बसून राहिलात तर मांड्यांचं बळ जातं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून रोज ५ वेळा सावकाश उठा-बसा, जमेल तसं वाढवा.

पडलंच कुणी, तर काखेत हात घालून ओढून उठवू देऊ नका. आधी मान, कंबर, मांडी दुखते का पाहायचं. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवायचंच नाही. आणि बाबा, तुमची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तेव्हा डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल. हे रात्रपाळीच्या मावशींनाही आजच सांगून ठेवा.

तुमची लेक