शंभर वाचवायचे, दोन वाटायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पान तीनवर एक फोटो होता. खाडीकाठच्या शाळेत एका कंपनीने मुलांना दप्तरं वाटली, शाळेला पाण्याचा फिल्टर दिला. मागे कापडी फलक, पुढे शाल-नारळ, मधोमध मुंबईहून आलेले साहेब. फोटोतली तीन मुलं आमच्या वाडीतली. दप्तरं मी हातात घेऊन पाहिली. चांगली आहेत, चेनही दमदार आहे. दप्तरांबद्दल माझी तक्रार नाही. बातमीच्या मथळ्यात ‘सामाजिक जबाबदारी’ असं छापलं होतं, त्यावर मात्र चार शब्द लिहायचे आहेत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात २७ वर्षं ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, ऑपरेटर होतो. कंपनीची जबाबदारी कशी असते आणि कशी टळते, हे मी स्टेजवरून नाही, टाकीच्या कठड्यावरून पाहिलं आहे.

आपल्याकडे ‘सीएसआर’, म्हणजे कंपन्यांची हीच सामाजिक जबाबदारी, हा शब्द आता घरकुल किंवा पाणंद रस्त्यासारखा झाला आहे. सरपंच विचारतात, ‘यंदा सीएसआरमधून काय मिळेल?’ कायदा असा: कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी निकष पुरा झाला तरी कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कारखाना असेल त्या परिसराला प्राधान्य द्यावं, हेही त्याच कलमात आहे. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण २०२१ साली नियम सुधारले, त्यात एक ओळ आहे जी कोणत्याच कार्यक्रमात वाचून दाखवत नाहीत. दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही.

ओळ योग्यच आहे. सांडपाणी साफ करणं हा उपकार नव्हे. पण तिचा परिणाम काय होतो बघा. खाडीच्या दृष्टीने जे सगळ्यात मोठं काम, त्याचा फोटो निघत नाही, त्याला शाल नाही, मुख्यालयातून त्यासाठी कुणी येत नाही. सीएसआरचा पैसा मुंबईच्या ऑफिसात वेगळ्या खात्यात असतो आणि ईटीपीचा खर्च प्लांट मॅनेजरच्या डोक्यावर बसतो. वर्षाअखेरीला त्याला विचारतात ते एवढंच, की एक किलो मालामागे खर्च किती आला. मग त्याची नजर जाते एअरेशन टाकीच्या ब्लोअरवर, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या यंत्रावर, कारण विजेचं मीटर तिथेच पळतं. ब्लोअर रात्रीचा बंद ठेवून वर्षाला १०० रुपये वाचले असं धरा. ते १०० नफ्यात गेले. त्या नफ्यातले २ रुपये दप्तरं होऊन आमच्या शाळेत आले. उरलेले ९८ कुठे गेले ते मला ठाऊक नाही, पण ते खाडीच्या खिशातून गेले.

यात मी स्वतःला वगळत नाही. मिरग लागला, पहिला जोराचा पाऊस झाला की इक्वलायझेशनची टाकी, म्हणजे सांडपाणी आधी जमा होतं ती, काठोकाठ यायची आणि रात्री कंट्रोल रूमला फोन यायचा, ‘बघून घ्या.’ बघून घ्या म्हणजे काय, हे शिफ्टमधल्या पोरासोरालाही समजायचं. मीही दोनदा बघून घेतलं आहे. व्हॉल्व्ह माझ्याच हाताने फिरला. माझी आई त्याच खाडीत ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायची, त्यावर आमची शाळेची फी भागली. त्या दोन्ही सकाळी मी घरी जाताना खाडीकडचा रस्ता सोडून वरच्या रस्त्याने गेलो.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे एक प्लांट मॅनेजर आले होते, दक्षिणेकडचे, मराठी जेमतेम. एकदा प्रॉडक्शनकडून कसलासा बॅच एकदम आमच्याकडे सोडला गेला आणि एअरेशनमधले जिवाणू मेले. प्लांटची भाषा सांगायची तर कल्चर गेलं. एक लिटरच्या नळकांड्यात पाणी भरून अर्धा तास ठेवलं की गाळ किती बसतो ते आम्ही रोज बघायचो. त्या दिवशी काहीच बसेना, वर नुसतं गढूळ तरंगत राहिलं. साहेबांनी नळकांडं उजेडात धरलं आणि प्रॉडक्शन बंद करायला सांगितलं. ऑर्डर अंगावर होती, मार्केटिंगवाल्यांचे फोनवर फोन. मग आम्ही आजूबाजूच्या वाड्यांतून शेण आणलं, पाट्या भरभरून, युरिया आणि डीएपी घातलं आणि जिवाणू परत वाढवले. शेणाचे पैसे गोठेवाल्यांना त्याच संध्याकाळी रोख मिळाले, हे मुद्दाम सांगतो. कारखाना आठ दिवस पूर्ण क्षमतेने चालला नाही. माझ्या २७ वर्षांतलं सामाजिक जबाबदारीचं सर्वांत मोठं काम तेच. त्याची बातमी आपल्याकडे आली नाही, येणारही नव्हती. साहेबांची बदली पुढच्याच वर्षी झाली.

हे झालं पाण्याचं. पैशाचंही थोडं ऐका. माझ्या पुतण्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, चार पोरं कामाला, चारही इथलीच. मुंबई गाठली नाही म्हणून गावात दिसतात तरी. कंपन्यांच्या शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तेव्हा, तो पाइपलाइनची कामं घेतो. काम रात्रंदिवस हवं, बिल मात्र सावकाश. लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, हे २००६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. वेळेत दिले नाहीत तर ती रक्कम प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच खर्चात दाखवता येईल, अशी तरतूद आयकरातही अलीकडे आली. तरी पुतण्याला चार महिने लागतात. बरं, बिल काढलं की जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. म्हणजे न मिळालेल्या पैशावरचा कर तो पदरचा भरतो आणि त्यासाठी सोनं गहाण ठेवतो. थोडक्यात, दप्तरं वाटणाऱ्या कंपनीला आमचा पुतण्या बिनव्याजी कर्ज देतो आहे. याला कुठलं कलम म्हणायचं?

कुणी म्हणेल, कंपन्या निदान देतात तरी, सरकार तेवढंही करत नाही. मान्य. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा कारखान्यांनी पंप, टँकर, धान्य पाठवलं. मी स्वतः एका टेम्पोवर होतो, ते विसरलो नाही. पण त्यामुळे पुढचा हिशेब माफ होत नाही. कंपनी कायद्यातच कलम १६६ आहे: संचालकांनी भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचंही हित बघून काम करायचं. त्यात २ टक्के लिहिलेले नाहीत. म्हणजे ते उरलेल्या ९८ ना लागू आहे.

बड्या कंपन्यांना आता या गोष्टींचा अहवाल द्यावा लागतो. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला आहे: पाणी किती वापरलं, कचरा किती, कंत्राटी कामगार किती. चांगलं आहे. पण आमच्या एमआयडीसीतले बरेचसे कारखाने शेअर बाजारात नाहीतच, त्यांना तो अहवाल विचारणार कोण? आणि असला, तरी तो इंग्रजीत, इंटरनेटवर. खाडीत पाग टाकणाऱ्याने तो कुठे शोधायचा?

घातक रसायनं आणि कचऱ्याची माहिती गेटबाहेर फलकावर लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे. फलक आहेतही. आमच्या गेटवरचा फलक मी कित्येक वर्षं जाता-येता पाहिला. अक्षरं इंग्रजी, आकडे खडूने भरलेले, बरेचदा मागच्या वर्षाचे, आणि समोर मॅनेजरांच्या गाड्या लावलेल्या. दप्तरावर लोगो केवढा ठसठशीत छापतात! तेवढ्याच ठसठशीत मराठीत त्या फलकावर रोजचा सीओडी, म्हणजे पाण्यात घाण किती उरली त्याचं माप, लिहायला काय हरकत आहे? बाहेर सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. आज आमचा किती, एवढं लिहा. दहावीतल्या पोराला दोन आकड्यांत मोठा कोणता ते कळतं.

आपल्याला एक विनंती आहे. वाटपाचे फोटो छापू नका असं म्हणणार नाही, मुलांना फोटो आवडतात. पण पुढच्या वेळी प्रेसनोट आली की आपल्या वार्ताहराने साहेबांना दोन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन महिन्यांत आउटलेटचा सीओडी जास्तीत जास्त किती होता? आणि छोट्या पुरवठादारांची ४५ दिवसांवरची किती बिलं आज थकली आहेत? उत्तर मिळालं तर फोटोखाली छापा. नाही मिळालं तर तसं छापा.

माझं नाव, पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये. पुतण्याचं मार्चमधल्या शटडाउनचं बिल अजून यायचं आहे.

आपला,
एक निवृत्त ईटीपी ऑपरेटर, जि. रत्नागिरी