परीक्षा नसलेला क्लास

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर मी बॅलेच्या क्लासला जाते म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, या वयात?" आणि बाबांनी लगेच गुडघ्यांची चौकशी केली. तेव्हा हसून वेळ मारून नेली, पण तुमचं समाधान झालं नसणार. म्हणून हे सविस्तर.

आधी गुडघे. बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर पायाच्या टोकावर उभी राहून गिरक्या घेणारी बाई आली असेल. तसलं काही नाही. ते पॉइंट शूज वेगळे. कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन त्यांचं टोक कडक केलेलं असतं. घोट्यात ताकद यावी म्हणून लहान मुलींनासुद्धा काही वर्षं त्यांच्यासाठी थांबवतात. आम्हाला मऊ कॅनव्हासच्या सपाता. इलॅस्टिक आपणच शिवून घ्यायचं.

आणि पाय बाहेर वळवायचे ते खुब्यातून. खुबा जेवढा वळेल तेवढंच. हौसेने पावलं एका रेषेत आणायला गेलं की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, त्यामुळे आमच्या बाई याबाबतीत फार कडक आहेत. माझी पावलं जेमतेम काटकोनात उघडतात, आणि तेवढं पुरे असं त्यांचं म्हणणं.

क्लास चर्चच्या हॉलमध्ये भरतो. पहिला निम्मा वेळ 'बार'पाशी, म्हणजे कमरेच्या जरा वर असलेल्या लाकडी दांड्यापाशी. त्यावर हात नुसता ठेवायचा, भार टाकायचा नाही. टाकला की बाई येऊन आपली बोटं अलगद सोडवतात. सुरुवात प्लिएने. टाचा न उचलता, गुडघे पावलांच्या दिशेने वाकवत खाली जायचं. आई, बघितलंस तर तुला भरतनाट्यममधली अरमंडी आठवेल. फरक एवढाच, की तिथे नर्तकी त्या अर्ध्या बैठकीत राहून नाचते, इथे खाली जायचं ते वर येण्यासाठी. पुढची प्रत्येक उडी यातूनच निघते आणि यातच उतरते.

मग तॉंद्यू. पाऊल जमिनीवरून घासत पुढे न्यायचं: आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. त्याच वाटेने परत. असंच बाजूला, मागे, पुन्हा बाजूला. नंतर दुसरा पाय. ऐकायला काहीच नाही, पण तळपायात असा पेटका येतो की पुसू नका.

पियानोवर एक वयस्कर गृहस्थ असतात. प्लिए बरेचदा तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर करतो. बाकीच्या वन-टू-थ्री मोजतात. मी मनातल्या मनात दादरा म्हणते, धा धी ना, धा ती ना. चपखल बसतो. बाबांची कृपा.

आता 'या वयात'. इथे लंडनमध्ये लोक मार्गो फॉन्टेन या बॅले नर्तकीचा दाखला देतात, की 1962 मध्ये नर्तक नुरेयेवबरोबर नाचायला लागली तेव्हा ती 42 वर्षांची होती. पण ती लहानपणापासून नाचत आलेली, तिचा मला काय उपयोग? मला आपल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल जवळच्या वाटतात. त्या आधी बॅलेच शिकल्या, प्रसिद्ध बॅले नर्तकी ॲना पावलोवाच्या कंपनीतल्या क्लिओ नोर्डीकडे. भारतातलं नृत्य शोध, असं त्यांना पावलोवानेच सुचवलं, आणि 1935 मध्ये त्यांनी भरतनाट्यम रंगमंचावर केलं तेव्हा तिशी ओलांडलेली होती. ही पावलोवा राहायची आमच्या जवळच, गोल्डर्स ग्रीनच्या आयव्ही हाउसमध्ये. उदयशंकर 1923 मध्ये तिच्याबरोबर इथल्या कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसमध्ये राधा-कृष्ण नाचले, तेही इथे चित्रकला शिकायला आलेले. अर्थात त्या रुक्मिणीदेवी आणि ते उदयशंकर. मी 49 वर्षांची हिशेब तपासणारी बाई. हे मला कळतं.

बाबांचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: परीक्षा कधी? आपल्याकडे जे शिकलो त्याची परीक्षा दिलीच. पेटीची प्रारंभिक, प्रवेशिका, चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएट झाल्यावर मी ब्रश हातात धरला नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. रॉयल ॲकॅडमी ऑफ डान्स ही 1920 सालची संस्था इथेही बॅलेच्या परीक्षा घेते, मोठ्यांनाही देता येतात. मी देणार नाही. ऑफिसात दिवसभर सगळे मला विचारायला येतात आणि मला उत्तर यावंच लागतं. इथे मी शेवटच्या रांगेत असते, कोपर पडलं की कोणीतरी उचलून देतं, पुन्हा पडतं. गिरकीत मी अजून भिंतीकडे तोंड करून थांबते. त्याने कोणाचंच काही अडत नाही, आणि हे मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

त्याच संस्थेचे 55 च्या पुढच्यांसाठी 'सिल्व्हर स्वॉन्स' नावाचे वर्ग असतात. आई, घाबरू नकोस, तुझं नाव घालत नाहीये. पण फिजिओने सांगितलेला टाचा उचलायचा व्यायाम तू करत नाहीस, हे ताईने मला सांगितलंय. आम्ही बारपाशी तेच करतो. ओट्याला हात ठेवून रोज कर, आणि मोजायला बाबांना उभं कर. ते एकही सोडणार नाहीत.

व्हिडिओ मागू नका, मिळणार नाही.

तुमची,
धाकटी