फोंड्याच्या काकांना, बॅटरीबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हाताने बांधून दिलेल्या बॅटरीचे, म्हणजे टॉर्चचे, आभार मानायला मी फोंड्याला आलेही असते, पण तुमच्यासमोर आभाराचं बोलणं निघालं की तुम्ही चहा टाकायला आत जाता. म्हणून चारचौघांत लिहिते. नाव मात्र घालत नाही. "माझं नाव सांगितलंस तर पहिल्या पावसाला बेडूकवाले दारात रांग लावतील," असं तुम्हीच बजावलं होतं. खोटं नाही ते. आमच्या केरीच्या बाजूलाही मिरगाचा पाऊस पडला की रात्री शेतांतून झोत फिरायला लागतात. डोळ्यांवर प्रखर उजेड आला की बेडूक जागचा हलत नाही, खाण्यासाठी उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तरी चालतं. त्यामुळे मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही ना वॅट विचारलेत ना बजेट. "बाय, कशाला हवी?" एवढंच.

मी सांगितलं ते आमचं रोजचंच. चोर्ला घाटाच्या पायथ्याला कुळागर, सुपारी, केळी, मिरवेली. उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याची आमची पाळी रात्रीची. वरच्या रानातून गवे उतरतात. पावसात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. घरात बॅटऱ्या नव्हत्या असं नाही, ढीग होता. त्यातली एक मी सोबत आणली होती, तिच्यावर लाख लुमेन उजेड असं छापलेलं. तुम्ही तिच्यातला सेल काढलात आणि बोलत बोलतच वजनकाट्यावर ठेवलात. तीस ग्रॅमसुद्धा भरला नाही. सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं, म्हणजे त्यात किती वीज मावते त्याचं माप. मग तुमच्या डब्यातला त्याच मापाचा, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, अस्सल सेल ठेवलात, काटा पंचेचाळीसच्या पुढे गेला. "आणि हा साडेतीन हजार एमएएचचा. आता तूच सांग, हलक्याच्या पोटात नऊ हजार बसले कुठे?" दुकानदाराशी महिनाभर हुज्जत घालून मला जे कळलं नसतं ते त्या काट्याने दाखवलं.

पुढचे दोन महिने तुम्ही मला फोनवरून जे शिकवलंत त्याची फी वेगळी लावायला हवी होती. मी लुमेन लुमेन करत होते. तुम्ही म्हणालात, लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो पसरला तर घरचं अंगण उजळेल, पण पऱ्ह्यापलीकडचा, ओढ्यापलीकडचा, माड दिसायचा नाही. लांबचं पाहायचं तर उजेड एका ठिकाणी गोळा करायला हवा, आणि त्यासाठी एलईडी लहान हवी, आरसा मोठा हवा. म्हणून ती ल्युमिनस कंपनीची एसबीटी-९०.२ एलईडी. उजेड देणारी जागा अवघी नऊ चौरस मिलिमीटर, आणि तिच्यातून पाच हजारांच्या घरात लुमेन. वेल्डिंगची काच धरून तुम्ही ती मला बघायला लावलीत. आत पिवळा चौकोन. खाली निळी एलईडी, वर पिवळ्या फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून पांढरं. ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघा जपानमध्ये जन्मलेल्या संशोधकांना मिळालं, तीच ही. मी नोबेल हातात घेऊन पाटाचं पाणी वळवायला जाते, असं तेव्हापासून आमच्या घरात म्हणतात.

बाकी सगळं तुमच्या हातचं. एलईडीखालचा तांब्याचा गट्टू कुंडईच्या वसाहतीतल्या लेथवर दोनदा फिरवून घेतलात, कारण पहिला केसभर सैल बसत होता. "केसभर फट म्हणजे हवा, आणि हवा उष्णता नेत नाही." सेलखालच्या स्प्रिंगांना तांब्याची वेणी डाखून जोडलीत. एवढा करंट नुसत्या स्प्रिंगेतून गेला तर स्प्रिंगच तापून नरम पडते, हे मला कोण सांगणार होतं? मला वाटलं, ही तुमची हौस. आता कळतं की बॅटरी त्या दोन वेण्यांवरच टिकली आहे.

मोजणी मात्र मला फार आवडली. मागच्या अंगणात दोरीने दहा मीटर मोजले, भिंतीला उजेड मोजणारा लक्समीटर टेकवला, काटा अडीच हजार लक्सवर. दहाचा वर्ग म्हणून गुणिले शंभर, अडीच लाख कँडेला, म्हणजे झोताचा जोर. त्याचं वर्गमूळ पाचशे, त्याची दुप्पट हजार. हजार मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो, असं गणित. लगेच तुम्हीच म्हणालात, "कागदावर. हजार मीटरवरचं चांदणं इथून तुझ्या डोळ्याला दिसायचं नाही. तीनशेपर्यंत नीट दिसेल, त्यावर समाधान मान." विकणारा माणूस असं बोलत नाही.

गेल्या आषाढात एका रात्री वीज गेली, पाऊस कोसळत होता. लाइनमन आले. आमच्याकडची लाइन पऱ्हा ओलांडून समोरच्या चढावर रानात शिरते. पडलंय कुठे हे शोधायला त्या चिखलातून आणि जळवांतून सगळा चढ चढायचा, तोही अंधारात. मी ओट्यावरून झोत टाकला. पावसाचे थेंब उजेडात पांढऱ्या दोऱ्यांसारखे दिसत होते, आधी त्यांनीच नजर अडवली. मग तुम्ही सांगितलं होतंत तशी बॅटरी डोळ्यांपासून दूर, कमरेच्या बाजूला धरली. खांब दिसला, दुसरा दिसला, आणि त्यांच्या मधे तारांवर आडवी झालेली किंदळाची फांदी. मिनिटभराने हाताला चटका जाणवायला लागला आणि उजेड आपोआप उतरला. लाइनमनला वाटलं, सेल संपला. मी म्हटलं, नाही हो, ती तापली की स्वतःच दम खाते, काकांनी तसंच बांधलंय. त्यांनी खाली फोन करून लाइन बंद असल्याची खात्री केली आणि सरळ त्याच खांबाकडे गेले. जाताना एकाने बॅटरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, कुठे मिळते? मी हसले, दुसरं काय करणार.

पण खरं सांगू? रोज रात्री कामाला येतो तो मोठा झोत नाहीच. मी मागितल्याच नव्हत्या त्या चार बारीक एलईडी येतात, आरशाच्या कडेला लावलेल्या, पिवळसर, ४००० केल्विन रंगाच्या. तुमचं म्हणणं होतं, गव्याचे डोळे उजेडात चमकतात, तो लांबूनच कळतो; सापाचे चमकत नाहीत. तेव्हा पायाखाली पसरट, मऊ उजेड हवा. बरोबर होतं. पाटाच्या कडेने जाताना आता गवतातले कोळी डोळे चमकवत असतात ते दिसतात, आणि पाचोळ्याच्या रंगाचं घोणसही आधी दिसतं, पाय नंतर पडतो. सासूबाई मोठ्या झोताला नाकं मुरडतात (शेजाऱ्यांच्या घरात उजेड जातो म्हणून, आणि त्यांचंही चुकत नाही), पण या चार दिव्यांवर रात्री गोठ्यात जाऊन येतात.

गवे दिसले की मी झोत त्यांच्या डोळ्यांवर धरत नाही, हेही तुमचंच. बाजूच्या झाडावर टाकते आणि थांबते. कळप वाट बदलतो. आंधळा केलेला गवा कुठे धावेल याचा नेम नाही.

आणखी एका गोष्टीचे आभार. तुम्ही मजुरी पुरेपूर घेतलीत. आमच्याकडच्या दोघांना वाटलं, ओळखीत थोडे सोडायला हवे होते. मला उलट बरं वाटलं. फुकट मिळालेली वस्तू दुरुस्तीला परत न्यायला जीव कचरतो, पैसे मोजलेली हक्काने नेता येते.

तोच हक्क बजावते आहे. मागच्या बटणाचं रबर सैल झालंय. सांध्यातल्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडीही आहे, तरी काचेच्या आतून सकाळी धुकं धरल्यासारखं दिसतं, तेव्हा पाणी त्या सैल रबरातूनच शिरत असणार. प्रवासात बॅटरीचं शेपूट, म्हणजे मागचं झाकण, अर्धा फेरा सैल करून ठेवते, म्हणजे बॅगेत आपोआप पेटायची नाही. चवथीच्या आधीच्या बुधवारी फोंड्याच्या बाजाराला येईन तेव्हा घेऊन येते. सालदाटी केळ्यांचा घड काढून ठेवलाय, तो काकींना. तुम्ही नको म्हणायचं नाही.

तुमची,
केरीची बाय