बंड्यास, मनूच्या काळजीपोटी

सातारा, रविवार

प्रिय बंड्या,

दिवाळीला फोन केला नाही म्हणून शिव्या साठवल्या असशील, त्या राहू देत. शुगर आहे तिथंच आहे, हिचे गुडघेही. लिहायला बसलोय ते मनूपायी.

ती परदेशात ‘बाळांच्या मेंदूची सोनोग्राफी’ करते, असं मी मोती चौकात सांगत फिरतो. बाळं डुकराची, हे आईला ठाऊक नाही. कळलं तर आधी वराहावतार काढेल, मग मला माहुलीला बुडी मारायला धाडेल.

उंदराचा मेंदू गुळगुळीत, डुकराच्या पिलाचा आपल्या बाळासारखा वळ्यांचा, म्हणून डुक्कर. शिरेतून बुडबुडे सोडतात, तांबड्या पेशीहून बारीक, आत वायू, वर चरबीचं कवच. ते रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत, सोनोग्राफीत चमकतात, वायू काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो. मधेच जोराची लहर मारून समोरचे फोडायचे आणि जागा नव्या बुडबुड्यांनी किती वेगानं भरते ते बघायचं, म्हणजे रक्त कसं फिरतंय ते कळतं. वाफ्यात पाटाचं पाणी किती वेळात चढतं ते बघतोस, तसं. आपल्या बाळाच्या टाळूवर प्रोब टेकवला की भागतं. तिच्या लॅबमध्ये पिलाच्या कवटीला खिडकी पाडतात.

आणि त्याआधी, भूल देऊन, त्याचा प्राणवायू तोडतात. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं होतं ते, मुद्दाम. शेवटी पिलू ठेवत नाहीत. परवा म्हणाली, “बाबा, कानाला नंबर होता, तरी मी नाव ठेवलं.” कोणतं, विचारलं तर गप्प.

परत ये म्हणणार होतो. पण सुमीचा नातू आठवला, तोही जन्मताना गुदमरलेला. 6 तासांच्या आत उपचार सुरू, 72 तास अंग 33.5 अंशांवर. ते गार करणंही आधी कोकरांवर, पिलांवरच तपासलेलं. त्या तीन दिवसांत मेंदूत रक्त कसं फिरतंय, हे पेटीजवळ उभं राहून कुणालाच नीट दिसत नव्हतं; एमआरआयला न्यायचं तर नळ्यांसकट पोर हलवायचं. आता तेच पोर माझा चष्मा पळवतं.

पाय मोडलेल्या बैलाला तू इंजेक्शन दिलंस तेव्हा चार भिंतीच्या टेकडीवर मी तुला कसाई म्हणालो होतो. तू तसाच उतरून गेलास. तो शब्द मी अजून मागं घेतलेला नाही, आणि बेडूक कापताना तू ओकलास तेही विसरलेलो नाही. पण त्या रात्री तू जेवलास का, झोपलास का, हे मनूला तूच सांगू शकशील. मी काय बोलणार? सकाळी धारा झाल्या की लाव फोन, तिकडं तेव्हा रात्र असते. मी सांगितलं म्हणू नकोस.

धाकट्याचं मिरजेत जमलं म्हणे, तारीख कळव. गोठ्याचं कर्ज मिळालं का? वहिनींना नमस्कार. कंदी पेढे एसटीनं पाठवतोय, डबा परत कर.

तुझा,
दत्ता