व्यंकटेश माडगूळकरांची जन्मशताब्दी माणदेशात साजरी व्हावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२७ हे व्यंकटेश माडगूळकर यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने पुण्या-मुंबईच्या सभागृहांत परिसंवाद होतील, विशेषांक निघतील, पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या येतील, आणि हे सारे व्हायलाच हवे. परंतु ज्या माणसांनी आणि ज्या माळरानांनी हा लेखक घडवला, त्या आटपाडी, माण, सांगोला, जत या भागात शताब्दीचे मुख्य कार्यक्रम व्हावेत आणि त्यांची आखणीही इथल्या लोकांनीच करावी, अशी विनंती शासनाला व साहित्यसंस्थांना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तात्यांचे, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांचे, गाव माडगुळे आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात आहे. त्यांच्या लहानपणी हा मुलूख औंध संस्थानात होता. याच तालुक्याने मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले, हे तालुक्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच पुढच्या वर्षी जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले. दोघे भाऊ माडगुळ्याच्या कुलकर्ण्यांच्या घरातले आणि तिसरे आटपाडीच्या महारवाड्यातून आलेले. ज्या कोरडवाहू तालुक्यात पाऊस धड पडत नाही, तिथे हे घडले. त्यामुळे शताब्दी व्यंकटेश माडगूळकरांची असली, तरी खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र तिच्यात वाचले जावे असे मला मनापासून वाटते, कारण एकाच गावगाड्याकडे दोन वेगळ्या टोकांकडून पाहणाऱ्या या दोघांच्या लेखण्या आहेत.

अडचणीची पहिली जागा प्रशासकीय आहे. माणदेश हा जिल्हा नाही. माण नदी सातारा जिल्ह्यात उगम पावते, दहिवडी, म्हसवडवरून आटपाडी तालुक्यात येते आणि सांगोला, मंगळवेढा करीत भीमेला मिळते. म्हणजे हा एकच प्रदेश सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत वाटला गेला आहे. शताब्दीचे काम एका जिल्हाधिकारी कार्यालयाकडे सोपवले, तर बाकीचे दोन जिल्हे ते आपले मानणार नाहीत. म्हणून तिन्ही जिल्ह्यांची मिळून एक समिती असावी आणि तीत प्राथमिक शिक्षक, ग्रंथपाल, तसेच मेंढपाळ आणि रामोशी समाजांतील वाचत्या-लिहित्या व्यक्तींना स्थान असावे. माडगूळकरांचा ‘माणदेशी माणसं’ हा व्यक्तिचित्रांचा संग्रह १९४९ साली पुस्तकरूपाने आला. त्यातला धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस ही माणसे ज्या समाजांतली, त्यांच्या आजच्या पिढ्या याच गावांत राहतात. त्यांना श्रोत्यांच्या खुर्च्यांवर बसवून व्यासपीठावर बाहेरचे वक्ते आणायचे, हा प्रकार या लेखकाच्या बाबतीत तरी होऊ नये.

मी प्राथमिक शिक्षक होतो, त्यामुळे शाळांविषयी थोडे अधिक लिहितो. ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानात नव्याने नेमणूक झालेला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत येतो, तेव्हा शाळेत मुले नसतात, कारण मुले मेंढरांमागे गेलेली असतात. तो कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, शाळा भरू लागते, वाडीच्या कष्टातून तालीम उभी राहते, खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. आणि मग दुष्काळ पडतो व वाडी रिकामी होते. शिक्षक आणि वस्ती यांच्या नात्यावर मराठीत यापेक्षा खरे काही लिहिले गेले आहे, असे मला वाटत नाही. आज कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची भाषा होते, तेव्हा वाड्या-वस्त्यांवरची शाळा म्हणजे काय असते हे समजून घ्यायला शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनीही ही कादंबरी वाचावी. इंग्रजीसह अनेक भाषांत गेलेले आणि १९९५ साली अमोल पालेकरांनी चित्रपटात आणलेले हे पुस्तक माणदेशातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात असायला हवे. ते पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापुरते राहू नये. वरच्या वर्गांतील मुलांनी ते वर्षभर थोडे थोडे मोठ्याने वाचावे आणि घरी आजी-आजोबांना वाचून दाखवावे. ती भाषा आजोबांची आहे. न समजलेला शब्द मूल त्यांनाच विचारील.

याला जोडूनच एक निकडीचे काम आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून या भागाचे रूप पालटले, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, याचा आम्हा सर्वांना आनंदच आहे. मात्र वाघर (मेंढरांभोवतीचे जाळे) लावून मेंढरे राखणे, खतासाठी दुसऱ्याच्या रानात मेंढरे बसवणे, लोकर कातरणे, घोंगडी विणणे, खिल्लार जनावराची पारख करणे या कामांतले शब्द जाणणारी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, शब्दांच्या अर्थांसह नीट जतन करण्याचा उपक्रम शताब्दी वर्षात सुरू व्हावा. शिवाजी विद्यापीठ आणि सोलापूरचे विद्यापीठ यांनी मिळून तो हाती घ्यावा. स्वतः माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर अनेक वर्षे ग्रामीण श्रोत्यांसाठी काम केले. तेव्हा आवाजाचे असे संग्रहण हे त्यांच्या कामाशी सुसंगत ठरेल. आकाशवाणीकडे त्यांच्या आवाजातील जे काही असेल, तेही गावांपर्यंत पोहोचवावे.

एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहितो. गांधीहत्येनंतर १९४८ साली गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्याविषयी माडगूळकरांनी ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. गौरवाच्या कार्यक्रमांत तिचे नाव टाळले जाण्याची शक्यता फार आहे. ती टाळू नये. तिच्यात सूड नाही, आपल्याच माणसांकडून झालेल्या आघाताने आलेले सुन्नपण आहे, आणि गावाविषयीची ओढ त्यानंतरही सुटलेली नाही. ती माणदेशातच, सर्व जातींच्या वाचकांनी एकत्र बसून वाचण्याजोगी आहे.

स्मारकाची मागणी होणारच, तेव्हा तिच्याविषयीही. पुतळा आणि सिमेंटची कमान यांवर पैसा घालवू नये. माडगूळकर उत्तम चित्रकार होते. त्यांच्या रेखाटनांचे प्रदर्शन आटपाडीत भरवावे आणि पुढे ते म्हसवड, सांगोला, जत असे फिरते ठेवावे. ते शिकारीतून वन्यजीवांच्या निरीक्षणाकडे वळले, नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले, आणि वानरांच्या टोळ्यांमधील सत्तासंघर्षावरील ‘सत्तांतर’साठी त्यांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा लेखकासाठी माडगुळ्याजवळ एखादे माळरान, त्यावरचे गवत, पाखरे आणि लहान जनावरे यांसह राखून ठेवणे हे दगडी स्मारकापेक्षा अधिक योग्य होईल. माळ म्हणजे पडीक जमीन, ही शासकीय कागदांतली समजूतही त्यामुळे थोडी दूर व्हावी.

पैशाचा प्रश्न येईल. शासनाचा निधी हवाच, पण खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभरातल्या शहरांत पसरलेले आहेत आणि गावच्या यात्रेला, देवळाच्या जीर्णोद्धाराला ते सढळ हाताने देत आले आहेत. प्रत्येकाने आपल्या मूळ गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला माडगूळकरांच्या पुस्तकांचा एक संच दिला, तर अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. प्रकाशकांनीही शताब्दीपुरत्या स्वस्त आवृत्त्या काढून या कामाला हातभार लावावा.

शाळांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. समिती शताब्दी वर्ष उजाडल्यावर नेमली, तर पुस्तके शाळेत पोहोचेपर्यंत ते संपत आलेले असेल. म्हणून तिन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी आणि जिल्हा परिषदांनी आताच एकत्र बैठक घ्यावी, आणि आपल्या दैनिकाच्या सातारा, सांगली व सोलापूर आवृत्त्यांनी हा विषय एकाच वेळी लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. आटपाडी, जि. सांगली